आहुप्याच्या रानात, सांबराच्या मागावर

आमच्या कसबा पेठेतल्या वाड्यात, दिंडी दरवाजाच्या आतल्या अंगाला, सांबराची शिंगं टांगलेली होती. पणजोबांनी कधीकाळी मारलेलं सांबर. शिंगांखाली वनखात्याचा मालकीचा दाखला चौकटीत घालून लावलेला असायचा. आजोबा सांगायचे, गोळी घातली ती क्षणात, पण त्याआधी तीन दिवस माग काढत फिरले होते. पुढे वाडा पाडला, शिंगं दाखल्यासकट काकांकडे गेली. माझ्या डोक्यात मात्र ते तीन दिवस राहिले. रानात तीन दिवस एका न दिसणाऱ्या जनावराच्या पाठीमागे चालत राहायचं, ते कशाच्या जोरावर?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि ती थांबली हे फार बरं झालं. पण त्या शिकारीच्या पोटात एक विद्या होती, माग काढायची. बंदूक गेली तशी ती विद्याही जाते आहे, कारण ती ज्यांच्या डोळ्यांत आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून यंदा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लेकीला घेऊन आहुप्याला गेले. तीन दिवस माग काढायला, फक्त पाहण्यासाठी.

दिवस पहिला

पहाटे सहाला पुणं सोडलं. राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव. मंचरला मिसळ खाल्ली, घोडेगावात आमचे वाटाडे बाबा यांच्या घरी न्यायला चहा-साखर घेतली. पुढे डिंभे धरणाचं पाणी रस्त्याच्या सोबतीला येतं. धरण घोड नदीवरचं. वळणावळणाने रस्ता चढत जातो आणि शेवटी आहुपे, आंबेगाव तालुक्याचं पश्चिम टोक. त्यापुढे जमीनच संपते, खाली कोकण.

हे रान भीमाशंकर अभयारण्यातलं. अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. लोकांना ते शेकरूमुळे माहीत असतं, पण सांबर, भेकर (भुंकणारं लहान हरीण), रानडुक्कर, तरस आणि बिबट्या हेही इथले रहिवासीच. आत पायी फिरायचं म्हणून परवानगी आधी काढली होती. वनरक्षक आणि गावातला वाटाड्या बरोबर असल्याशिवाय हद्दीत पाऊल टाकायचं नाही, ही अट. आमचे वाटाडे म्हणजे बाबा. महादेव कोळी समाजातले, पंचाहत्तरीचे. त्यांचे वडील साहेबलोकांच्या शिकारीत हाकेकरी होते, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बंदुकीसमोर काढणारे, आणि हाका उठवायच्या आधी जनावर कुठल्या घळीत बसलंय हे सांगायचं काम त्यांचं. बाबा पोरवयात त्यांच्या मागून चालले. बंदूक त्यांनी स्वतः कधी हातात धरली नाही.

पहिल्या संध्याकाळी रानात गेलोच नाही. बाबा आम्हाला घरामागच्या भातखाचरात घेऊन गेले. भात कापून झालं होतं, एका कोपऱ्यात खळ्यावर मळणी चालू होती, पण खाचराच्या सखल बाजूला चिखल अजून ओला होता. लेकीने पहिला ठसा दाखवला आणि आनंदाने म्हणाली, "सांबर!"

"वासरू हाय त्ये," बाबा म्हणाले. "टोकं बघ, बोथट. गुराचा खूर गोल व्हतो. सांबराचा निमुळता, दोन पाकळ्या समोर जुळत जातात."

मग त्यांनी बांधाच्या पलीकडचा एक ठसा दाखवला. माझ्या तर्जनीएवढा लांब, पुढे टोकदार, मागे गोलसर, जणू पिंपळाचं पान मधोमध चिरलेलं. आदल्या रात्री सांबर खाचरात उतरलं होतं. शेजारीच रानडुकरांचे ठसे होते. त्यांच्यात खुराच्या मागे दोन्ही बाजूंना लहान टोकं उमटलेली असतात, डुकराच्या मागच्या नख्या खाली आणि फाकलेल्या असतात म्हणून. सांबराच्या त्या नख्या उंच असतात, फार खोल चिखलात किंवा उडी मारतानाच टेकतात. डुकरांनी बांध उकरून टाकला होता, नांगर फिरवल्यासारखा. ते ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही.

पहिला धडा मात्र ठशाचा नव्हता, उजेडाचा होता. मी ठशावर सरळ वाकून पाहत होते. बाबांनी मला खांद्याला धरून पलीकडे नेलं. "सूर्य तुमच्या म्होरं पायजे, आन् ठसा तुमच्या आन् सूर्याच्या मधी." तिथून पाहिलं आणि मघाशी सपाट वाटलेल्या चिखलात अचानक सात-आठ ठसे उभे राहिले. कलत्या उन्हात प्रत्येक कडेला सावली पडते, म्हणून माग काढायचा तो सकाळी आणि संध्याकाळी. भर दुपारी रान मुकं होतं. मी इतकी वर्षं सह्याद्रीत भटकते आहे, वेताळ टेकडीवर तर रोज सकाळी जाते, पण कुठं उभं राहायचं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री नाचणीची भाकरी, ठेचा आणि वरईचा भात. थंडी कडक होती.

दिवस दुसरा

सव्वासहाला निघालो. वनरक्षकदादा पुढे, मग बाबा, मग आम्ही दोघी. बाबांच्या हातात एक वेताची काठी होती, तिच्यावर सुरीने पाडलेल्या खाचा. पावलांमधलं अंतर मोजायला.

रानाच्या आधी गवताचा एक लहानसा माळ लागतो. गवत दवाने पांढरं झालं होतं, आणि त्या पांढऱ्या चादरीवरून एक गर्द हिरवी रेघ वाकडीतिकडी झाडीकडे गेली होती. बाबा थांबले. आम्हाला रेघ दिसली, पण अर्थ लागला नाही. जनावराच्या पायांनी दव झटकलं गेलं की तेवढं गवत ओलं हिरवं दिसतं. म्हणजे जे गेलं ते दव पडून गेल्यावर गेलं. दव पहाटे दाट होतं, रेघेवर ते पुन्हा धरलेलं नव्हतं. "उजाडता उजाडता गेलंय," बाबा म्हणाले. खाली एकही ठसा नव्हता, एक पानही मोडलं नव्हतं, आणि तरी वेळ कळली.

हे मला तीन दिवसांत सगळ्यात जास्त भिडलं. मी समजत होते की माग म्हणजे "कोणाचा?" या प्रश्नाचं उत्तर. ते उत्तर चार दिवसांत कुणालाही शिकवता येतं. खरा प्रश्न "केव्हाचा?" हा आहे, आणि त्यातच आयुष्य जातं. कालचा माग म्हणजे नुसती माहिती. पण घडीभरापूर्वीचा माग निघाला, तर जनावर तुमच्या आवाजाच्या टप्प्यात असतं.

रेघ झाडीत शिरली तिथे ओल्या मातीत ठसे मिळाले. लहान, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे, नाजूक. भेकर. बाबांनी गुडघे टेकून एका ठशाची कडा दाखवली. धार अजून उभी होती, मातीचा एक कणही आत ढासळला नव्हता. तिथूनच हातभर अंतरावर दुसरा ठसा होता, त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या, तळाशी एक वाळकं पान पडलं होतं आणि त्या पानावरून कोळ्याने धागा ओढला होता. दोन्ही भेकराचेच, पण मधे निदान एक रात्र. लेकीने वहीत दोन्ही काढून घेतले, शेजारी पट्टी ठेवून. पहिल्या चित्राखाली तिने लिहिलं, "आज." दुसऱ्याखाली, "काल किंवा परवा, कोळ्याला विचारावं."

पुढे ओढ्याकाठी एक मोठा उंबर आहे. खाली पिकली उंबरं पडलेली, काही अर्धवट खाल्लेली, आणि भेकराच्या लेंड्या. बाबांनी एक काडीने फोडली. बाहेरून चकचकीत काळी, आत हिरवट ओली. लेंडी बाहेरून आत वाळत जाते, त्यामुळे नुसती वरून पाहून फसायला होतं, फोडून पाहावंच लागतं. शेजारच्या झुडपाचे कोंब खाल्लेले होते. बाबांनी एका कोंबाचं टोक माझ्या बोटावर टेकवलं, फाटलेलं, धागे निघालेलं. हरणाच्या कुळीला वरचे पुढचे दात नसतात. खालच्या दातांनी आणि वरच्या घट्ट हिरडीने धरून ते पाला ओढतं, म्हणून टोक असं फाटतं. ससा किंवा साळिंदर तोच कोंब सुरीने कापावा तसा तिरका, स्वच्छ कापतं. एवढ्याशा काडीवर कोण जेवून गेलं ते लिहिलेलं असतं. डोक्यावर शेकरूची दोन-तीन घरटी होती, काटक्यांचे मोठाले गोळे. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटी मोजून शेकरू मोजता येत नाहीत, हे वनरक्षकदादांनी आवर्जून सांगितलं.

नऊच्या सुमारास एका कुंब्याच्या झाडाशी बाबा उभे राहिले आणि काही न बोलता बाजूला झाले. खोड माझ्या मनगटाहून थोडं जाड. माझ्या छातीच्या उंचीवर साल सोलून निघाली होती, खाली तिच्या वाखासारख्या पट्ट्या लोंबत होत्या. आतलं लाकूड पिवळट आणि ओलसर. सालीच्या एका फटीत केस अडकले होते. मी एक चिमटीत धरला. राठ, जाड, टोकाला काळपट. पाच-सहा केस, कुंचल्यासारखे.

सांबराचा नर शिंगं घासतो ती जागा. थंडी हा त्यांचा माजाचा काळ. पावसाळ्यात शिंगांवर जी मखमल असते ती वाळून निघालेली असते, शिंगं पक्की होतात आणि नर झाडांशी झुंजल्यासारखा घासाघीस करतो, आपला वास आणि खूण सोडतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती शिंगं गळून पडतात आणि पुन्हा नवी फुटतात. भेकराचा नरही घासतो, पण त्याची खूण गुडघ्याखाली असते, करंगळीएवढ्या रोपांवर. खुणेची उंचीच सांगते कोण होतं. (गळून पडलेलं शिंग रानात सापडलं तरी घरी आणायचं नाही. ते सरकारची मालमत्ता असतं, आणि कायद्याआधीही ते रानाचंच असतं. साळिंदरं ते कुरतडून खातात.)

मग बाबांनी त्या नराचं चालणं वाचलं. काठीच्या खाचांवर त्यांनी पावलांतलं अंतर मोजलं, मागचा ठसा पुढच्या ठशावर कसा बसलाय ते पाहिलं. मागचं पाऊल पुढच्याच्या किंचित आत पडत होतं, नराची छाती रुंद असते म्हणून. मादीचं ते किंचित बाहेर पडतं, तिचा मागचा भाग रुंद म्हणून. थोड्या अंतरावर मुतलेली ओल मागच्या ठशांच्या पुढे पडली होती. मादीची ती मागे पडते. "शिंगं बघायची गरजच न्हाई," बाबा म्हणाले. एका ठिकाणी ठसे एकदम खोल झाले, पाकळ्या फाकल्या, मागे माती उडालेली. पळालं होतं. कशामुळे ते कळलं नाही. बाबा बराच वेळ मागेपुढे फिरले आणि शेवटी मान हलवली. "कळत न्हाई तितं गप ऱ्हायचं."

घळीच्या तळाशी लोळण होतं. बैलगाडीच्या चाकाएवढा खळगा, त्यात झऱ्याचं पाणी. माजावरचा नर चिखलात लोळतो, अंगाला आयाळीपर्यंत चिखल फासतो. काठावर चिखलाने माखलेलं झाड होतं, त्यावर चिखल वाळून भेगाळला होता. पाणी मात्र काचेसारखं नितळ, तळाची पानं दिसत होती. "सांजच्याला आलता," बाबा म्हणाले. "पाणी निवळाया रात गेली." ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वाटेवर बिबट्याचं पाऊलही मिळालं. इथं त्याला वाघच म्हणतात. चार बोटं, नखं उमटलेली नाहीत, आणि मागच्या गादीच्या तळकडेला तीन उंचवटे. कुत्र्याची नखं उमटतात आणि गादीला असे तीन उंचवटे नसतात. पुढे पायवाटेच्या मधोमध विष्ठा, केसांनी गच्च भरलेली. आम्ही ती फोडली नाही. दादांनी फोटो घेतला, जागा नोंदवली.

दुपारी कड्याच्या टोकाला बसून भाकरी खाल्ली. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, खाली खोपिवलीकडे उतरणारा आहुपे घाट. ऊन डोक्यावर, वाचायला काही नाही. बाबा झोपले.

तिसऱ्या प्रहरी परतताना बाबांना आणखी एक माग लागला, आणि तो जनावराचा नव्हता. पायवाटेच्या कडेला काटेरी फांद्या टाकून दोन्ही बाजूंनी कुंपणासारखी रचना केली होती, मधे हातभर मोकळी जागा. "जनावर काटा कशापायी रचंल?" म्हणत बाबा खाली वाकले. मोकळ्या जागेत, गुडघ्याच्या उंचीला, मोटरसायकलच्या क्लचच्या तारेचा फास. फासकी. भेकराच्या गळ्याच्या मापाची. तारेवर गंज नव्हता. माझ्या हातापायांतलं बळ गेलं. सकाळी ज्याचे अंगठ्याएवढे ठसे आम्ही वहीत काढले ते या वाटेने येणार होतं.

दादांनी हात लावू दिला नाही. आधी फोटो, मग जागेची नोंद, मग साहेबांना फोन, सगळं रीतसर. अभयारण्यातल्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे. शेजारी चपलेचे ठसे होते. बाबा त्यांच्याकडेही तसेच वाकून पाहत होते जसे सकाळी खुरांकडे, कडा, धार, आत पडलेलं पान. "परवाचं हाय," एवढंच म्हणाले. नंतर तार सोडवली, तेव्हा ती गुंडाळताना त्यांचे हात थरथरत होते. त्यांच्या वडिलांनी जे डोळे सांबर मारवण्यासाठी वापरले, त्याच डोळ्यांनी बाबांनी एक भेकर वाचवलं. आसपासची सगळी जागा आम्ही अंधार पडेपर्यंत शोधली. आणखी दोन मिळाल्या.

रात्री शेकोटीपाशी कुणी फार बोललं नाही. दादांनी गणनेचं थोडं सांगितलं. १९७२ साली देशभर वाघ मोजले तेव्हा ते पावलांच्या ठशांवरून मोजले, काच ठेवून ठसा उतरवून घ्यायचा, आकडा आला १,८२७. ठसा मातीप्रमाणे बदलतो, एकाच वाघाचे दोन वाघ होऊ शकतात, त्यामुळे २००६ पासून कॅमेरे आले. पण हरणांसाठी अजूनही पायीच चालावं लागतं. दोन किलोमीटरची सरळ रेघ, आणि दर ४०० मीटरला २० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा आखून त्यातल्या लेंड्या मोजायच्या. बाबा हसले. "म्हंजी आमचीच शाळा," म्हणाले.

मध्यरात्रीच्या सुमारास घळीकडून एक आवाज आला, ढँक, मोठा, पितळी भांड्यावर मारल्यासारखा. पुन्हा एकदा. सांबर धोका पाहून असं ओरडतं. लेक उठून बसली. पलीकडच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "वाघ फिरतोय. झोपा."

दिवस तिसरा

पुण्याला परतायचं होतं, पण बाबा पहाटे पाचलाच दाराशी उभे. कोरा चहा घेतला आणि दादांच्या मागून लोळणाकडे निघालो. टॉर्च बाबांनी लावू दिला नाही. उजाडेपर्यंत घळीच्या तोंडाशीच बसून राहिलो, वारा आमच्या तोंडावर येईल अशा अंगाला.

दिसायला लागल्यावर खाली उतरलो, एकेक पाऊल तपासून. कालचा माळ, उंबर, कुंब्याचं झाड. झाडावर नवी साल निघाली होती, काल माझ्या छातीपर्यंत होती ती आता डोळ्यांपर्यंत. चीक अजून वाहत होता.

लोळणाच्या काठावर बाबांनी हात वर केला. आम्ही थांबलो.

पाणी गढूळ होतं. चहासारखं. चिखलाचे बारीक ढग अजून तळाकडून वर येत होते. काठावर एक ठसा होता, तर्जनीएवढा, आणि त्याच्यात पाणी भरत होतं. पाकळ्यांच्या टोकांकडून हळूहळू आत. आम्ही चौघं त्याच्याभोवती उकिडवे बसलो आणि तो ठसा पाण्याने भरून जाईपर्यंत पाहत राहिलो. झाडावर चिखलाचा ओला पट्टा होता आणि त्यावरून एक थेंब खाली येत होता. पलीकडच्या कारवीत काहीतरी हललं, मग थांबलं.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. पुढे जायचं का, हे तिने डोळ्यांनीच बाबांना विचारलं.

बाबांनी मान हलवली. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "त्याचं पाणी हाय. व्हऊ दे त्याचं." आणि आल्या पावलांवर पाय ठेवत मागे फिरले.